आवाज गेला, पण खूण जुळली का?

चैत्री पौर्णिमा जवळ आली की येरमाळ्यात गाड्यांची परीक्षा सुरू होते. येडेश्वरीच्या यात्रेला कळंब, वाशी, बार्शी, केज अशा चारी बाजूंनी मोटारसायकली येतात. एकेकीवर तिघं, पुढं टाकीवर लेकरू, हँडलला नैवेद्याची पिशवी. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आमराईत चुना वेचायचा म्हणून सगळी गर्दी तिकडं वळते आणि गाड्या पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये तासतास रखडतात. वरून ऊन मी म्हणत असतं. परतताना सोलापूर-धुळे महामार्ग लागला की तीच तापलेली गाडी चढावर ताणायची. ज्या इंजिनाचं काम महिन्यापूर्वी घाईत उरकलेलं असतं, ते नेमकं इथं बोलायला लागतं.

माझ्या चुलतभावाची शंभर सीसीची गाडी अशीच बोलली. इंजिनातून खडखड येते म्हणून एका गॅरेजात त्यानं टायमिंग चेन बदलून घेतली होती. खडखड गेली. गाडी शिवणयंत्रासारखी चालायला लागली आणि भाऊ खूश झाला. आठ दिवसांनी म्हणतो, “दादा, आवाज न्हाई काय न्हाई, पण गाडी वढतच न्हाई.” मग कार्बोरेटर साफ झाला, प्लग बदलला, क्लच प्लेटा बदलल्या. पैसे गेले, गाडी होती तशीच. शेवटी हेडच्या बाजूचं झाकण काढून पाहिलं, तर कॅमच्या चाकावरची खूण हेडवरच्या खाचेपासून एक दात सरकलेली. चेन नवी होती, चाक चांगलं होतं, टेन्शनर ठीक होता. फक्त बसवताना एक दात चुकला होता.

टायमिंगचं काम बरोबर झालं की नाही हे कानाला कळत नाही, हे त्या दिवशी पक्कं डोक्यात बसलं. खडखड येते ती चेन ढिली झाल्यामुळं. नवी चेन घातली की ती एक दात पुढं बसवा, मागं बसवा, आवाज जाणारच. आणि आपण तर आवाज गेला की पैसे देऊन गाडी घेऊन येतो.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. बरेच जण दुकानात जाऊन “टायमिंग बेल्ट द्या” म्हणतात. गावात फिरणाऱ्या स्प्लेंडर, पॅशन, शाइन, पल्सर, युनिकॉर्न ह्यांपैकी एकाही गाडीत टायमिंग बेल्ट नसतो. असते ती चेन, इंजिनाच्या आत तेलात फिरणारी. स्कूटरला बेल्ट असतो, पण तो इंजिनाची ताकद मागच्या चाकाला पोचवणारा. तो तुटला तर स्कूटर जागेवर उभी राहते, इंजिनाच्या व्हॉल्व्हला काही होत नाही. रबरी टायमिंग बेल्ट मोटारसायकलींत पाहायचा तर इटलीची डुकाटी बघावी. 1970च्या दशकाअखेरीस आलेल्या पँटा मॉडेलपासून त्यांच्या जोड सिलिंडरच्या इंजिनांत तो आला. होंडाच्या 1975च्या गोल्ड विंगमध्येही बेल्टच होता. त्या गाड्यांचा बेल्ट ठरलेल्या मुदतीत बदलावाच लागतो, चालतोय तोवर चालू दे हे तिथं खपत नाही. जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्ये तर बेल्टही नाही अन् चेनही नाही. उजव्या बाजूच्या झाकणाआड दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली असतात आणि बसवताना चाकांवरचे ठिपके समोरासमोर आणावे लागतात. चेन असो, बेल्ट असो की दातेरी चाकं, चूक एकाच जातीची होते आणि शोधायचीही एकाच रीतीनं. मी पुढं चेनबद्दलच लिहितो, कारण आपल्या दारात तीच उभी आहे.

हे काम आहे तरी काय? चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक फेरा घेतो. म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकवरच्या चाकाच्या दुप्पट दात असतात. पिस्टन कुठं असताना कोणता व्हॉल्व्ह उघडायचा आणि कधी मिटायचा, हे ह्या दोन चाकांच्या नात्यावर ठरतं आणि ते नातं चेन सांभाळते. कॅमच्या चाकाला 28 दात असतील, तर एका दाताची चूक म्हणजे कॅमवर साधारण 13 अंश आणि क्रँकवर 26 अंशांची चूक. 34 दातांच्या चाकावर हीच चूक क्रँकवर 21 अंशांची होते. एक दात म्हणजे काय मोठं, असं वाटतं. पण व्हॉल्व्हच्या मिटण्यात 26 अंशांचा उशीर म्हणजे आत घेतलेली पेट्रोल-हवा पिस्टननं आल्या वाटेनं कार्बोरेटरकडं परत ढकलून देणं.

म्हणून चूक कोणत्या बाजूला झाली त्यावर लक्षणं बदलतात. कॅम उशिरा बसला असेल तर दाब कमी भरतो. किक हलकी लागते, सकाळी गाडी सुरू व्हायला दहा-दहा किका लागतात, कार्बोरेटरमधून मधूनच फुस्स किंवा फट् असा आवाज येतो, आणि खालच्या वेगात गाडी अगदी मेल्यासारखी चालते. चढावर तिसऱ्यात जायच्या जागी दुसरा टाकावा लागतो. उलट कॅम लवकर बसला असेल तर गंमत होते: किक जड लागते, सुरुवातीचा पिकअपही बरा वाटतो, पण पन्नासच्या पुढं गाडी दम टाकते. कितीही पिळा, नुसती गुरगुरते. सायलेन्सरमध्ये फटफट वाजतं आणि हेडला लागून असलेला सायलेन्सरचा बाक लवकर तापतो. दोन्हीकडून अ‍ॅव्हरेज पडतं. प्लग काढला तर टोकावर काजळी दिसते, आणि मग सगळे कार्बोरेटरच्या मागं लागतात.

दोन दात चुकले तर गोष्ट वेगळीच. एक तर गाडी सुरूच होत नाही, नाहीतर व्हॉल्व्ह पिस्टनला जाऊन टेकतो. काही इंजिनांत दोघांमध्ये जागा सुटते, काहींत सुटत नाही. आपल्या गाडीत सुटते की नाही हे किक मारून शोधायचं नसतं.

ही सगळी लक्षणं दुसऱ्या कारणांनीही येतात. टॅपेट फार घट्ट असतील तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि दाब पडतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तरी तेच, पण मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. क्लच घसरत असेल तर इंजिन ओरडतं अन् गाडी पळत नाही. चुकलेल्या टायमिंगमध्ये मात्र इंजिनच वर चढत नाही. एअर फिल्टर धुळीनं बसला असेल, आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तो बसतोच, तरी गाडी दम टाकते. म्हणून निव्वळ लक्षणावरून मिस्त्रीशी भांडायला जाऊ नये. एक प्रश्न मात्र स्वतःला विचारावा: हे सगळं हेड खोलल्यापासून सुरू झालं का? आधी खडखड होती पण ओढ होती, आणि आता खडखड नाही अन् ओढही नाही, असं असेल तर पहिला संशय टायमिंगवर घ्यावा.

आता खूण बघायची कशी ते सांगतो. गाडी थंड असू द्या. मेन स्टँडवर लावा, चावी बंद करा. प्लग काढा; पल्सरसारख्या दोन प्लगच्या गाडीचे दोन्ही काढा, म्हणजे दाब राहत नाही आणि इंजिन हातानं सहज फिरतं. डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर बऱ्याच गाड्यांना दोन गोल टोप्या असतात. मधलीतून क्रँकचा नट फिरवता येतो, वरच्या छोट्या टोपीतून मॅग्नेटच्या कडेवरच्या खुणा दिसतात. तुमच्या गाडीला अशा टोप्या नसतील तर पूर्ण कव्हर काढावं लागेल. मग हेडच्या डाव्या बाजूचं झाकण काढा. स्प्लेंडरच्या घराण्यात ते गोल असतं आणि त्याच्या आड कॅमचं चाक दिसतं. काही गाड्यांत मात्र वरचं आख्खं हेड कव्हर उघडावं लागतं.

इंजिन फिरवायचं ते त्याच्या चालत्या दिशेनंच. आपल्याकडच्या ह्या गाड्यांत डाव्या बाजूनं पाहिलं तर बहुतेक वेळा ती दिशा घड्याळाच्या काट्यांच्या उलट असते. खात्री नसेल तर टॉप गिअर टाका आणि मागचं चाक पुढच्या दिशेनं हळूच फिरवा, इंजिन आपोआप बरोबर दिशेनं फिरतं. किकनं फिरवू नका. किक नेमक्या जागी थांबत नाही. फिरवताना कुठं टण्णकन अडलं तर तिथंच हात काढा. तो पिस्टनला टेकलेला व्हॉल्व्ह असू शकतो आणि जोर लावला तर वाकलाच म्हणून समजा.

मॅग्नेटवर इंग्रजी ‘टी’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं आणि त्यांच्या शेजारी रेघा असतात. ‘टी’ म्हणजे पिस्टन अगदी वरच्या टोकाला, ‘एफ’ म्हणजे त्याच्या थोडं आधी ठिणगी पडायची जागा. टायमिंग चेन जुळवायची ती ‘टी’वर. मला सर्वांत जास्त दिसलेली चूक हीच की कमी उजेडात, काजळलेल्या मॅग्नेटवर ‘एफ’ला ‘टी’ समजून काम केलेलं असतं. मग कॅमची खूण बरोबर जुळत नाही, अर्धा दात इकडं की तिकडं अशी अडते, आणि मिस्त्री “होतं असं, चालतंय” म्हणून जवळचा दात धरून मोकळा होतो. म्हणून लक्षात ठेवा: बरोबर बसलेल्या नव्या चेनमध्ये खूण खाचेच्या समोर येते. अर्ध्या दाताचा सवालच येत नाही. तो आला तर ‘टी’ची रेघ पुन्हा पुसून पाहा.

‘टी’ची रेघ कव्हरवरच्या खुणेसमोर आणली की हेडकडं पाहा. स्प्लेंडरसारख्या गाड्यांत कॅमच्या चाकावर छोटी गोल खूण असते आणि ती हेडवरच्या खाचेसमोर आली पाहिजे. दुसऱ्या गाड्यांत चाकावर दोन रेघा असतात आणि त्या हेडच्या काठाला समांतर यायला हव्यात. आपल्या मॉडेलची खूण कोणती ते सर्व्हिस मॅन्युअलमध्ये चित्रासकट दिलेलं असतं. इंटरनेटवर शोधून फोनमध्ये ठेवावं. खूण अगदी उलट्या बाजूला दिसली तर घाबरू नका. क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा कॅम एक घेतो, म्हणजे ‘टी’ दर दोन फेऱ्यांत दोनदा येते. क्रँक आणखी एक पूर्ण फेरा फिरवा आणि मग बघा.

खूण जुळली? थांबा, अजून संपलं नाही. इंजिन हातानं पूर्ण दोन फेरे फिरवा आणि पुन्हा ‘टी’वर आणून बघा. ही पायरी गाळली म्हणूनच अर्ध्याअधिक चुका झाकणाआड राहतात. असं का होतं ते बघण्यासारखं आहे. चेनच्या दोन बाजू असतात. एका बाजूनं क्रँक कॅमला ओढतो, ती नेहमी ताठ राहते. दुसऱ्या बाजूला ढील असतो आणि तो टेन्शनर दाबून घेतो. बसवताना मिस्त्रीनं ढील चुकून ओढीच्या बाजूला ठेवला तरी उभ्या इंजिनात खुणा तंतोतंत जुळलेल्या दिसतात. पण क्रँक फिरू लागला की तो आधी तेवढा ढील खातो आणि मग कॅम हलवतो. कॅम मागं पडतो, एका दातानं. झाकण लागलेलं असतं, कुणाला कळत नाही. दोन फेरे फिरवून पाहिलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. माझ्या भावाच्या गाडीचं हेच झालं होतं, असा माझा अंदाज आहे.

आणि ‘टी’ची खूण तरी खरी कशावरून? मॅग्नेट क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतो आणि त्याची जागा एक बोटाच्या नखाएवढी अर्धगोल चावी धरून ठेवते. मॅग्नेटचा नट ढिला राहिला, किंवा मॅग्नेट काढताना पुलर न वापरता हातोड्यानं ठोकला, की ती चावी तुटते नाहीतर चेमटते. मग मॅग्नेट क्रँकवर थोडा फिरतो आणि ‘टी’ची रेघ पिस्टन वर नसतानाच जुळते. ह्यात दुसराही पेच आहे. ठिणगीचा इशारा मॅग्नेटच देतो, म्हणून टायमिंगचा दिवा लावून पाहिलं तरी ‘एफ’ची खूण जागेवर दिसते. दिवा म्हणतो सगळं बरोबर, आणि गाडी किक उलटी मारते. ह्याची परीक्षा स्वस्त आहे. प्लगच्या भोकातून थंड पेयाची प्लास्टिकची नळी आत सोडा आणि इंजिन हळू फिरवा. नळी बाहेर येता येता थांबते आणि परत आत जायला लागते, ते पिस्टनचं वरचं टोक. त्या क्षणी ‘टी’ जुळली पाहिजे. स्क्रू ड्रायव्हर मात्र घालू नका. तो तिरका अडकला तर पिस्टनवर चरा पडतो, नाहीतर प्लगचे आटे जातात.

टेन्शनरबद्दलही थोडं सविस्तर बोलावं लागेल, कारण चेन बदलणाऱ्याचं लक्ष चेनवर असतं आणि चुका इथं होतात. स्प्लेंडरसारख्या इंजिनात खालून वर ढकलणारी एक दांडी असते, मागं स्प्रिंग, वर रबरी डोकं, आणि तेलाच्या दाबाचा आधार. ते रबर झिजलेलं किंवा दांडी तेलाच्या गाळानं अडकलेली असताना नुसती चेन बदलली, तर नवी चेनही महिनाभरात खडखडते. दुसऱ्या काही गाड्यांत सिलिंडरच्या मागच्या बाजूला दोन बोल्टांनी लावलेला टेन्शनर असतो. तो बसवताना आधी दाबून मागं धरावा लागतो आणि बसला की सोडावा लागतो. दोन उलट चुका इथं होतात. मागं न धरता बोल्टांनी आवळत नेला तर चेन नको तेवढी ताणली जाते, गाईड पट्टीवर दाब येतो आणि इंजिनातून बारीक घूं-घूं येते. लोक ह्याला “टाईट आहे, नवं काम आहे” म्हणतात. आणि मागं धरलेला टेन्शनर सोडायचा राहून गेला तर चेनला धरणारं कुणीच नाही. पहिल्याच जोराच्या पिळीत ती दात ओलांडू शकते. गाईड पट्टीचं खालचं टोक तिच्या खाचेत बसलं आहे का, हेही बघून घ्यायचं. ते खाचेबाहेर राहिलं तर चेन पट्टी कातरते, आणि तेलात काळ्या रबराचे नाहीतर प्लास्टिकचे कण निघतात. पुढच्या वेळी तेल सोडताना ते जुन्या बनियनवर गाळून बघा, इंजिनाचं बरंच काही कळतं.

चेन नवी आणि चाकं जुनी, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. चेन वाढते म्हणजे तिच्या कड्यांतल्या पिना झिजतात. त्या वाढलेल्या चेनच्या मापानं चाकाचे दातही झिजून टोकदार झालेले असतात. अशा चाकावर नवी चेन नीट बसत नाही. दात पाहून ठरवावं, दोन पैसे वाचले म्हणून नाही. चेनचंही तसंच: डब्यावर गाडीचं मॉडेल, भाग क्रमांक, कमाल किंमत छापलेली असावी आणि दुकानाचं पक्कं बिल मिळावं. सुट्या प्लास्टिकच्या पिशवीतली “ओरिजिनल आहे, डबा फाटला” असली चेन घेऊ नये.

टॅपेट तपासायचे तेही टायमिंगच्या खुणा जुळल्यावरच. ‘टी’ जुळलेली आणि दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले अशा जागी दोन्ही रॉकर बोटानं किंचित खालीवर हलायला हवेत. अगदी थोडं, ह्या लहान गाड्यांत साधारण 0.05 ते 0.10 मिलिमीटर, नेमका आकडा मॉडेलप्रमाणं मॅन्युअलमध्ये असतो आणि तो फिलर गेजच्या पत्तीनं मोजायचा. पोस्टकार्डाच्या नाहीतर ब्लेडच्या अंदाजानं टॅपेट लावणारे जुने हात आहेत, त्यातले काही खरोखर पटाईत आहेत, पण सगळे नाहीत. एक रॉकर ‘टी’वर अजिबात हलत नसेल तर आधी क्रँक एक फेरा फिरवून बघा, कदाचित तुम्ही चुकीच्या ‘टी’वर असाल. तरीही हलत नसेल आणि टॅपेट ढिला करूनच जागा मिळत असेल, तर खूण पुन्हा तपासा. टायमिंगची चूक टॅपेटनं झाकायचा प्रयत्न मी पाहिला आहे. टॅपेट ढिले केले की गाडी थोडी बरी चालते, आणि सगळ्यांना वाटतं रोग सापडला.

मिस्त्रीकडं गाडी टाकताना काय सांगायचं? रागानं काही नको. आपल्याकडचे बहुतेक मिस्त्री हे काम बघून शिकलेले आहेत, हात चांगले आहेत, चुका होतात त्या घाईनं आणि उजेडाअभावी. यात्रेच्या आठवड्यात दारात दहा गाड्या असताना कुणाचाही दात चुकेल. म्हणून पहिला सल्ला: टायमिंगचं काम यात्रेच्या तोंडावर काढू नका, महिनाभर आधी काढा, आणि सकाळी गाडी द्या, संध्याकाळी बल्बच्या उजेडात झाकण लागायला नको. दुसरं, सरळ म्हणा, “मामा, झाकण लावायच्या आधी मला फोन करा, खूण बघायचीय.” चांगला मिस्त्री ह्यावर चिडत नाही, उलट दाखवायला त्याला आवडतं. चिडला तर गाडी दुसरीकडं न्या.

तिथं गेल्यावर मोबाइलवर फोटो घ्या. जुनी चेन काढायच्या आधी कॅमची खूण कुठं होती त्याचा एक. पूर्वीच्या हातानं चुकीचं बसवलेलं असेल तर इथंच दिसतं. काही जण खोलण्याआधी चाकावर पंचानं किंवा नेलपॉलिशनं स्वतःची खूण करून ठेवतात. ते सोयीचं असतं, पण आधीचं काम चुकलेलं असेल तर तीच चूक पुन्हा बसते. मूळ कंपनीची खूण आहे का, ते बघा. मग नवी चेन बसल्यावर ‘टी’ आणि कॅमची खूण एकत्र दिसेल असा एक फोटो, आणि दोन फेरे फिरवल्यावरचा आणखी एक. चौथा फोटो बिलाचा आणि जुन्या भागांचा. जुने भाग मागून घ्या, ते तुमचे आहेत.

बघता बघता दोन-तीन गोष्टींवर नजर ठेवा. हेड काढल्यावर चेन आत पडू नये म्हणून ती तारेनं वर बांधलेली असते का? चेन सैल असताना क्रँक फिरवला तर ती खाली गोळा होऊन अडकते. चेनच्या बोगद्यात स्वच्छ फडकं कोंबलेलं असतं का? कॅमच्या चाकाचा एक बोल्ट आत पडला तर सगळं इंजिन खोलावं लागतं, आणि “पडला असंल तेलात, काही होत न्हाई” हे उत्तर मान्य करू नका. गॅसकेटला सिलिकॉनचा थर किती लावला जातो? जास्त लावलेला थर आतल्या बाजूला तुटून तेलाच्या बारीक वाटेत अडकतो, आणि मग हेडपर्यंत तेल पोचत नाही. सगळं लागल्यावर गाडी संथ चालू ठेवून टॅपेटची टोपी थोडी ढिली करायला सांगा. तिथं तेल आलेलं दिसलं पाहिजे. कोरडा कॅम थोड्याच वेळात खराब होतो, आणि तो टायमिंग चेनपेक्षा महाग पडतो.

तेलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ह्या शंभर सीसीच्या गाड्यांत तेल जेमतेम लिटरभर असतं. त्यातलं पाव लिटर जळालं किंवा गळालं तर उरलेलं लवकर तापतं आणि चेन, कॅम, टेन्शनर तिन्हींना ते कमी पडतं. 1985 साली हिरो होंडाची सीडी 100 आली, तेव्हा “भरा, झाकण लावा, विसरा” ह्या अर्थाची तिची जाहिरात गाजली होती. विसरायचं ते पेट्रोल, तेल नाही. आमच्याकडं अनेकांनी ते तेलालाही लावून घेतलं, आणि टायमिंग चेनची खडखड बहुतेक तिथूनच सुरू झालेली असते.

चूक पक्की झाली, मिस्त्री मान्य करत नाही, आणि गॅरेजनं पक्कं बिल दिलेलं आहे, असं असेल तर 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर बोलता येतं. त्यापुढं जिल्हा ग्राहक आयोग आहे. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तिथं जाता येतं आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. पण गावातल्या गावात हे लागायची वेळ सहसा येत नाही. झाकण उघडून, दोघांनी एकाच खुणेकडं पाहिलं, की वाद बहुधा तिथंच मिटतो.

भावाची गाडी त्याच गॅरेजात परत नेली होती. मिस्त्रीनं झाकण काढलं, खूण पाहिली, थोडा वेळ गप्प बसला आणि मग न बोलता पाना उचलला. तासाभरात चेन पुन्हा बसली. ह्या वेळी भावानं स्वतः मागचं चाक फिरवून इंजिनाचे दोन फेरे केले आणि मोबाइलचा उजेड आत टाकला. मिस्त्रीनं पैसे घेतले नाहीत. भाऊ महामार्गाच्या चढाकडं गेला आणि वरून त्याचा फोन आला, “दादा, तिसऱ्यात चढली.”